छोट्या उत्पादकाची किट स्पोर्ट्‌स कार: आराखड्यापासून विकण्याजोग्या किटपर्यंत

प्रश्नकर्त्याची अडचण थोडक्यात अशी आहे. पुढे इंजिन आणि मागच्या चाकांना गती असलेल्या दोन आसनी, हलक्या स्पोर्ट्‌स कारचा आराखडा संगणकावर तयार आहे. यंत्रभाग जुन्या माझदा एमएक्स-५ मधून घ्यायचे, चॅसी चौकोनी पाइपांची आणि बॉडी फायबरग्लासची करायची, आणि ही गाडी किटच्या, म्हणजे ग्राहकाने स्वतः जोडायच्या सुट्या भागांच्या संचाच्या, रूपात विकायची, असा त्यांचा विचार आहे. हे काम कोणत्या क्रमाने करावे, वेळ नेमका कुठे जातो आणि वर्षभरात पहिले किट ग्राहकाच्या हाती देता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोन-तीन कसबी माणसे मन लावून बसली, तर वर्षभरात एक चांगली गाडी उभी राहू शकते. किट मात्र उभे राहत नाही, आणि त्यासाठी माझ्या मते तीन वर्षे धरून चालावे. एकच गाडी करताना जिथे भोक जुळत नाही तिथे आपण कानस चालवतो, पत्रा किंचित वाकवतो, वॉशर घालतो आणि पुढे जातो. किटमध्ये ही सोय नसते, कारण जोडणारा माणूस अनोळखी असतो, त्याच्याकडे घरातली हत्यारे असतात आणि आपण त्याच्या शेजारी उभे नसतो. म्हणून आपण विकसित करतो ते गाडीबरोबरच तिच्यामागचे जिग (वेल्डिंग करताना भाग ठरल्या जागी धरून ठेवणाऱ्या चौकटी), साचे, सुट्या भागांची यादी आणि जोडणीची पुस्तिका. खर्च आणि वेळ यांचा मोठा वाटा या दुसऱ्या गोष्टींवर पडतो आणि नवख्या उत्पादकाच्या वेळापत्रकात नेमक्या त्याच नसतात.

या धंद्याचा इतिहासही हेच दाखवतो. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांनी १९५२ पासून लोटस मार्क ६ आणि १९५७ पासून लोटस सेव्हन किटच्या रूपात विकल्या, त्यामागे कराचे कारण होते: तयार मोटारीवर खरेदी कर लागत असे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. संचाबरोबर जोडणीच्या सूचना देण्यास मनाई होती, म्हणून चॅपमन यांनी गाडी सुटी करण्याच्या सूचना दिल्या आणि ग्राहकाने त्या उलट क्रमाने वाचाव्यात अशी युक्ती केली, ही हकीकत नेहमी सांगितली जाते. १ एप्रिल १९७३ रोजी खरेदी कराच्या जागी मूल्यवर्धित कर आला आणि किटचा हा फायदा संपला. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीकडे गेले. कराचा फायदा गेल्यावरही ती गाडी टिकली, याचे श्रेय मी तिच्या साधेपणाला देतो. सरळ नळ्यांचा सांगाडा, त्यावर सपाट अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि दोन्ही दिशांना वळलेला पृष्ठभाग जवळजवळ कुठेच नाही, अशी ती रचना लहान कारखान्याला वर्षानुवर्षे तशीच्या तशी काढता येते.

याउलट चॅपमन यांचीच लोटस एलिट पाहावी. फायबरग्लासचा मोनोकॉक (वेगळ्या चॅसीशिवाय बॉडीनेच भार पेलणारी रचना) असलेली ती गाडी दिसायला आणि चालवायला अप्रतिम होती, पण तिची बॉडी बनवणे फार महागात पडले. पुढे १९६२ मध्ये आलेल्या एलानला पोलादी पत्र्याचा साधा कणा देण्यात आला आणि बॉडीवरचा संरचनेचा भार बराच कमी झाला. मार्कोस या ब्रिटिश कंपनीची गोष्टही अशीच आहे. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये प्लायवुडच्या चॅसीची गाडी काढली. कॉस्टिन विमानांच्या कामातून आलेले असल्याने लाकूड चिकटवून हलकी, ताठ रचना करण्याचे तंत्र त्यांना अवगत होते. पण शेकडो तुकडे कापून चिकटवण्यात वेळ जातो, आणि १९६९ मध्ये मार्कोस पोलादी चॅसीकडे वळली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने उत्तम असलेली रचना उत्पादनाच्या दृष्टीने परवडेलच असे नाही, हे या दोन्ही उदाहरणांत दिसते.

आता आपल्या आराखड्याकडे येऊ. डोनर, म्हणजे जिचे यंत्रभाग काढून घ्यायचे ती जुनी गाडी, म्हणून एमएक्स-५ ची निवड चांगली आहे: १९८९ पासून ती मोठ्या संख्येने बनली, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल हे सगळे एकाच गाडीतून मिळते. मात्र डोनर हा नुसता सुट्या भागांचा साठा नसतो, तो आपल्या भूमितीचा अर्धा भाग ठरवून टाकतो. त्यातले सर्वांत हट्टी अंग म्हणजे स्टिअरिंगचा रॅक, स्टिअरिंग फिरवल्यावर डावी-उजवीकडे सरकणारा दांडा. त्याची लांबी ठरलेली असते, ती आपल्याला बदलता येत नाही. म्हणजे टाय रॉडचे (रॅकपासून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांचे) आतले सांधे कुठे येणार हे ठरते, त्यावरून विशबोनच्या (चाक चॅसीला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या भुजांच्या) आतल्या बुशांची जागा ठरते, आणि त्यावरून चॅसीच्या नाकाची रुंदी. पुष्कळ जण आधी बॉडीचा आकार रेखाटतात, मग चॅसी बसवतात आणि शेवटी रॅकला जागा शोधतात. क्रम बरोबर उलटा हवा. आपल्या रेखाचित्रांत नाक निमुळते व्हावे म्हणून आतले सांधे बरेच जवळ घेतलेले दिसतात, तेव्हा रॅकची लांबी प्रत्यक्ष मोजून ती रेषा पुन्हा तपासावी.

ती तपासणी कशी करायची हे जरा सविस्तर सांगतो, कारण हलक्या गाडीच्या स्वभावावर याचा परिणाम फार मोठा असतो. चाक वर-खाली होताना आपोआप वळते, त्याला बंप स्टिअर म्हणतात. पहिली चॅसी चाकांवर उभी राहिली की स्प्रिंग काढून टाकावी, चॅसी नेहमीच्या उंचीवर पक्की आधारावी, स्टिअरिंग मध्यावर बांधून ठेवावे आणि हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) एक सपाट जाड पत्रा बसवावा. त्या पत्र्यावर पुढे-मागे ३०० मिमी अंतरावर दोन डायल गेज (बारीक अंतर काट्याने दाखवणारी मापके) टेकवावेत आणि जॅकने हब दहा-दहा मिमी उचलत दोन्ही आकड्यांतील फरक लिहीत जावे. मग तसेच खालीही यावे. आलेख काढल्यावर तो जवळजवळ सरळ पण तिरका दिसला, म्हणजे चाक वर जाताना एका बाजूला आणि खाली जाताना विरुद्ध बाजूला वळत असेल, तर रॅकची उंची चुकली आहे. आलेख कमानीसारखा आला, म्हणजे वर आणि खाली दोन्हीकडे चाक एकाच दिशेला वळत असेल, तर टाय रॉडची लांबी विशबोनशी जुळत नाही. पहिला दोष रॅकखाली पट्ट्या घालून जातो. दुसऱ्यासाठी चॅसीत बदल करावा लागतो, म्हणून तो कागदावर असतानाच पकडलेला बरा. आणि इथेच किटचा प्रश्न पुन्हा उभा राहतो: रॅकची बैठक दोन-तीन मिमी वर-खाली झाली तरी हा आलेख बदलतो, त्यामुळे प्रत्येक चॅसीत ती बैठक त्याच उंचीवर आली पाहिजे.

ती येते जिगमुळे. एक इंची चौकोनी, १.६ मिमी जाडीचा साध्या पोलादाचा पाइप या कामाला रूढ आहे आणि तो पुरेसा आहे. महागड्या मिश्रधातूच्या नळ्यांचा मोह इथे धरू नये, कारण पोलादाच्या सर्व प्रकारांचा स्थितिस्थापकतेचा गुणांक जवळपास सारखाच असतो. त्याच मापाची नळी जास्त मजबूत पोलादाची केली म्हणून चॅसी अधिक ताठ होत नाही. वेल्डिंगने नळ्या ओढल्या जातात, हे मात्र कोणत्याही पोलादात टळत नाही. म्हणून आधी संपूर्ण सांगाडा टॅक मारून, म्हणजे ठिपक्यांएवढ्या वेल्डने अडकवून, घ्यावा, मग डावी-उजवी आणि पुढची-मागची बाजू आलटूनपालटून वेल्ड करावी, आणि सस्पेन्शन व रॅक यांची निर्णायक भोके चॅसी थंड झाल्यावर, जिगमध्येच, जिगला बसवलेल्या मार्गदर्शक बुशमधून ड्रिल घालून पाडावीत. जिग चॅसीपेक्षा पुष्कळ ताठ असावा. शिवाय वेल्डिंगनंतर चॅसी त्यातून बाहेर निघाली पाहिजे, हे वाचायला गमतीचे वाटेल. पण जागा धरणाऱ्या पिना मागे ओढता येत नसतील तर आकसलेली चॅसी जिगला अशी पकडून बसते की हातोडा घ्यावा लागतो, आणि हातोड्याने सोडवलेल्या जिगचे माप पुढच्या वेळी खरे धरता येत नाही.

चॅसीचा पीळ-ताठरपणा, म्हणजे पिळण्याला ती करते तो विरोध, संगणकाने सांगितला असला तरी मोजावा. मागचे सस्पेन्शनचे बिंदू जड बैठकीला घट्ट बांधावेत, पुढच्या बिंदूंखाली मध्यावर टेकलेली आडवी तुळई ठेवावी आणि मध्यापासून १ मीटर अंतरावर १०० किलो वजन टांगावे. पीळ सुमारे ९८१ न्यूटन-मीटर होतो. पुढच्या टोकाला १२०० मिमी अंतरावर लावलेल्या दोन डायल गेजमध्ये एकूण ५ मिमी फरक आला, तर चॅसी सुमारे ०.२४ अंश पिळली, म्हणजे ताठरपणा अंशाला सुमारे ४१०० न्यूटन-मीटर. पहिल्यांदा वजन टांगून उतरवावे, सांध्यांतली ढिलाई बसू द्यावी, मग शून्य करून वाचन घ्यावे. हा आकडा पुढच्या-मागच्या सस्पेन्शनच्या एकत्रित रोल-ताठरपणाच्या (वळणावर गाडी कलण्याला सस्पेन्शन करते त्या विरोधाच्या) निदान पाच पट, जमल्यास दहा पट असावा. त्याहून कमी असेल तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर किंवा अँटी-रोल बारवर कितीही मेहनत घेतली तरी गाडी सुधारत नाही. कमी भरल्यास पाइप जाड करण्याआधी मोकळे चौकोन शोधावेत. इंजिनाचा कप्पा आणि पाय ठेवायची जागा हे दोन चौकोन तिरक्या नळीने बंद करता येत नाहीत, आणि बहुतेक पीळ तिथेच जातो. इंजिनावरून बोल्टने बसणारी सुटी तिरकी नळी किंवा पायाच्या कप्प्याला चिकटवून रिव्हेट मारलेला पत्रा पुष्कळ काम करतो. असा रिव्हेट मारायचा पत्रा ग्राहकावर सोपवला, तर त्याची गाडी आपण मोजलेल्या गाडीइतकी ताठ असेलच याची खात्री देता येत नाही. तो कारखान्यातच बसवून द्यावा.

डोनरच्या स्प्रिंगा आणि ब्रेक जसेच्या तसे घेण्याची सवय वाईट आहे. आपली गाडी डोनरपेक्षा बरीच हलकी आणि तिचा गुरुत्वमध्य खाली, त्यामुळे ब्रेक लावताना पुढे सरकणारा भार कमी असतो आणि डोनरच्या ब्रेकचे पुढचे-मागचे प्रमाण बसत नाही. पुढे इंजिन असलेल्या गाडीत हे बहुधा सुरक्षित बाजूला चुकते: पुढची चाके लवकर अडकतात, म्हणजे फिरायची थांबून घसरतात, आणि मागचे ब्रेक आळशी राहतात. मध्य-इंजिनाच्या किटमध्ये मात्र पुढच्या चाकांनी चालणाऱ्या डोनरची पुढची यंत्रणा, तिच्या मोठ्या ब्रेकसह, उचलून मागे ठेवली जाते आणि मागची चाके आधी अडकण्याचा धोका उभा राहतो. तो भाग आपल्याला लागू नाही, तरी पुढे कधी मध्य-इंजिनाची आवृत्ती काढायची झाल्यास सिलिंडरांची मापे पहिल्यापासून मोजावीत.

आता बॉडी. सगळे वेळापत्रक इथे कोलमडते. साचा ज्यावरून काढायचा तो मूळ पॅटर्न फोम, प्लाय आणि पुट्टी यांचा करतात, आणि त्याच्या पृष्ठभागावरची प्रत्येक लाट पुढच्या प्रत्येक बॉडीत उतरते. पॅटर्न घासून, रंगवून, तिरप्या उजेडात पाहून, पुन्हा घासण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला पर्याय नाही. संगणकावर चालणाऱ्या मशीनवर कापलेला पॅटर्नही शेवटी हातानेच गुळगुळीत करावा लागतो. साचा कुठे दुभंगायचा हे पॅटर्न करण्याआधी ठरवावे. चाकांच्या कमानीची आत वळलेली कड, मागच्या दिव्याची खोबण, दाराची चौकट अशा ठिकाणी एकसंध साच्यातून माल निघतच नाही, आणि प्रत्येक जादा तुकडा म्हणजे प्रत्येक बॉडीवर घासायची आणखी एक रेघ. साचा बनवताना काचतंतूंच्या मॅटचे थर एका दिवसात उरकू नयेत, कारण रेझिन घट्ट होताना तापते, आकसते आणि पृष्ठभागावर तंतूंचा ठसा उठतो. साचा मालापेक्षा दोन-तीन पट जाड असावा, मागून त्याला पोलादाची किंवा प्लायची चौकट द्यावी, आणि तो निदान काही दिवस पॅटर्नवरच राहू द्यावा.

बॉनेट आणि दार यांबद्दल वेगळे सांगायला हवे. ग्राहक किटची पहिली पारख फटींवरून करतो. साच्यातून कच्चे असताना काढलेले दार भिंतीला टेकवून ठेवले की रातोरात पिळते, आणि मग कोणतीही बिजागरी ते सरळ करू शकत नाही. दारे आणि बॉनेट साच्यातून निघाल्यावर पूर्ण पक्की होईपर्यंत आधार-चौकटीत अडकवून ठेवावीत. बिजागरी आणि कुलपाच्या जागी पोलादी पट्ट्या बॉडीतच बसवून, भोके पाडूनच माल द्यावा. आपल्या आराखड्यात दारे नसती तर एक वर्ष वाचले असते असे माझे मत आहे, पण ती असावीत ही बाजाराची मागणी समजण्यासारखी आहे.

नियमांचा विचार पॅटर्नच्या आधी करावा, नंतर नाही. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असले तरी ब्रिटनमध्ये एकेकट्या बांधलेल्या गाड्यांना द्यावी लागणारी आयव्हीए (इंडिव्हिज्युअल व्हेइकल अप्रूव्हल) चाचणी आराखड्यासाठी उत्तम आरसा आहे. तिथे १०० मिमी व्यासाचा गोल ज्या बाहेरच्या कडांना स्पर्श करू शकतो, त्यांच्या गोलाईची त्रिज्या निदान २.५ मिमी असावी लागते. वळण घेऊन सोडलेले स्टिअरिंग मध्याकडे परतावे लागते. मागची चाके पुढच्या चाकांआधी अडकलेली चालत नाहीत. पहिली अट पॅटर्नवर, दुसरी कॅस्टरच्या कोनावर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याच्या मागे कलण्यावर) आणि तिसरी ब्रेकवर जाते, म्हणजे तिन्ही गोष्टी साचे आणि जिग झाल्यावर दुरुस्त करायला महाग. हलक्या गाडीत स्टिअरिंग मध्याकडे न परतण्याची तक्रार विशेष आढळते, कारण डोनरची भूमिती दुप्पट वजनासाठी आखलेली असू शकते. विशबोनमध्ये कॅस्टर वाढवायला जागा ठेवावी.

रस्त्यावरच्या चाचणीत वेगापेक्षा खराब रस्त्याला महत्त्व द्यावे. गाडीत दोन माणसांचे आणि सामानाचे वजन भरावे, प्रत्येक निर्णायक बोल्टवर रंगाची रेघ ओढावी आणि दर काही दिवसांनी रेघ तुटली आहे का ते पाहावे. तडे नळीच्या मध्यावर पडत नाहीत. ते ब्रॅकेटच्या कोपऱ्यात, वेल्ड जिथे संपतो तिथे पडतात, आणि साध्या डोळ्यांना दिसण्याआधी भेगेत शिरणाऱ्या रंगद्रव्याने दिसतात. उन्हाळ्यातल्या रहदारीत अर्धा तास उभे राहणे हीही चाचणीच आहे. रेडिएटरभोवतीच्या फटी बंद नसतील तर हवा त्याच्यातून जाण्याऐवजी बाजूने जाते, आणि मग लोक उगाच मोठा पंखा लावतात.

यानंतर दुसरी गाडी बांधावी, आणि ती आपण बांधू नये. जिगमधून आलेली चॅसी, साच्यातून आलेली बॉडी, पिशव्यांत भरलेले नट-बोल्ट आणि पुस्तिकेचा मसुदा, एवढेच घेऊन गाडीशी कधी संबंध न आलेला पण पाना धरता येणारा माणूस बसवावा. आपण वही घेऊन शेजारी बसावे आणि तोंड उघडू नये. तो जिथे थांबतो, जिथे बोल्ट आखूड पडतो, जिथे पेडल बसवल्यावर ब्रेकची नळी शिरत नाही म्हणून सगळे परत काढतो, ते लिहून घ्यावे. पहिल्या गाडीत फडताळावरून सहज उचललेले कितीतरी बोल्ट यादीत लिहिलेलेच नव्हते, हे याच वेळी कळते. वहीतल्या निम्म्या नोंदी पुस्तिका सुधारून मिटतात आणि उरलेल्या जिग बदलून. ग्राहकाकडे काय सोपवायचे याचा निर्णयही इथेच करावा. माझा नियम असा की वेल्डिंग, ब्रेकच्या नळ्यांची टोके आणि वायरिंगचा मुख्य हार्नेस ग्राहकावर कधीही टाकू नये.

पैशाबद्दल थोडेच सांगतो. पहिल्या गाडीच्या खर्चावरून किटची किंमत जाहीर करू नये आणि दुसरी गाडी रस्त्यावर येईपर्यंत आगाऊ रक्कम स्वीकारू नये, कारण ती रक्कम साच्यांत जाते आणि पहिली किटे पुरवायला भांडवल उरत नाही. विक्री सुरू झाल्यावर प्रत्येक चॅसीच्या क्रमांकापुढे तिच्यातले बदल नोंदवावेत. बारावी चॅसी आणि तेरावी चॅसी यांच्यात विशबोनचा बुश बदलला असेल, तर सात वर्षांनी सुटा भाग मागणाऱ्याला कोणता पाठवायचा हे त्या वहीशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

शेवटी आपल्या रेखाचित्रांतील एक बदल सुचवतो. सेव्हनच्या धाटणीच्या ब्रिटिश किटांनी आधी फोर्ड एस्कॉर्टचे भाग वापरले, ते दुर्मीळ झाल्यावर सिएराचे आणि पुढे एमएक्स-५ चे. प्रत्येक वेळी चॅसीचा मागचा भाग आणि इंजिनाच्या बैठका नव्याने कराव्या लागल्या. आपण इंजिन आणि डिफरन्शियल यांच्या बैठका मुख्य नळ्यांना थेट वेल्ड केल्या आहेत. त्या बोल्टने बसणाऱ्या उप-चौकटींवर घ्याव्यात. वजन थोडे वाढेल, पण एमएक्स-५ चे जुने भाग मिळेनासे झाले की उप-चौकटींचा जिग तेवढा बदलावा लागेल, आणि मुख्य चॅसीचा जिग व बॉडीचे सगळे साचे तसेच वापरता येतील.